अकराशे चव्वेचाळीस मंगळवार

मानवी ज्ञानाच्या इतिहासात असे मोजकेच क्षण येतात, ज्यांच्यानंतर जग पहिल्यासारखं राहत नाही. असा एक क्षण एका सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी गंज संशोधन प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर आला. त्या क्षणी ताईंनी एका कोष्टकातल्या 'वजन' या रकान्याच्या डोक्यावर टिचकी मारली, 'उतरता क्रम' निवडला, पहिल्या पानाची छापील प्रत काढली, फाइल बंद करताना 'बदल जतन करू का?' असं संगणकाने अदबीने विचारलं त्याला 'हो' म्हटलं आणि त्या चहाला गेल्या. जग पहिल्यासारखंच राहिलं. कोष्टक तेवढं राहिलं नाही.

प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं आणि पाहुण्यांना पटवायला अवघड होतं. गच्चीवर आठ मांडण्या होत्या, प्रत्येक मांडणीवर बारा पत्रे टांगलेले होते, आणि ते शहाण्णव पत्रे गंजत होते. निम्मे साधे लोखंडी, निम्म्यांवर जस्ताचा थर. दर मंगळवारी एकेक पत्रा उतरवायचा, वजनकाट्यावर ठेवायचा, वजन लिहायचं, परत टांगायचा. विज्ञानात घाई करणारे लोक असतात तसे वाट पाहणारेही असतात. इथले सगळे वाट पाहणारे होते. कशाची, ते त्यातल्या बऱ्याच जणांना आता आठवत नव्हतं.

हे वजन करण्याचं काम बावीस वर्षं एकाच माणसाने केलं होतं. प्रयोगशाळा त्यांना वजनकाका म्हणायची. ताई त्यांना बाबा म्हणायच्या, कारण ते त्यांचे सासरे होते. लग्नानंतर चार वर्षांनी ताई माहिती सहायक म्हणून याच इमारतीत लागल्या. त्यात वशिला होता असं काही लोक म्हणत. पत्र्यांचं वजन करणाऱ्याचा वशिला कुठवर पोचणार, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी वजनकाका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक यंत्र आलं. बावीस वर्षांत अकराशे चव्वेचाळीस मंगळवार त्यांनी भरले होते. चार चुकले होते. त्या चारांची कारणं त्यांना अजून तोंडपाठ होती, आणि कोणी विचारलं नाही तरी ते सांगत.

वजनकाका शाईच्या बाबतीत काटकसरी होते. वहीच्या पानावर तारीख ते फक्त पहिल्या पत्र्यासमोर लिहीत. बाकी पंच्याण्णव पत्र्यांसमोर 'वरीलप्रमाणे'. हवामानाचंही तेच: पहिल्या ओळीत 'ढगाळ', खाली वरीलप्रमाणे. गंजाचा रंग वरीलप्रमाणे. एका ठिकाणी मात्र त्यांचा हात सैल सुटे, ते म्हणजे शेवटचा 'शेरा' हा रकाना. तो जेमतेम अंगठ्याएवढा रुंद होता. त्यात एकदोन शब्दच मावत, म्हणून वजनकाका वाक्य एका पत्र्यावर सुरू करून चार-पाच पत्रे खाली जाऊन संपवत. पत्र्यांचा आणि त्या वाक्यांचा काही संबंध नसे. 'आज / गुडघा / फारच / बोलतोय' हा शेरा चार निरपराध पत्र्यांच्या नावावर जमा होता.

ते निवृत्त झाल्यावर संचालकांनी 'कागदमुक्त प्रयोगशाळा' जाहीर केली. बाहेरच्या एका संस्थेकडून बावीस वर्षांच्या वह्या संगणकात टाइप करून घेतल्या. टाइप करणाऱ्यांनी काम इतकं प्रामाणिकपणे केलं की जिथे वहीत 'वरीलप्रमाणे' होतं तिथे संगणकातही 'वरीलप्रमाणे' आलं, नुसत्या तारखेच्या रकान्यात एक लाख आठ हजार सहाशे ऐंशी वेळा. डावीकडे अनुक्रमांकाचा एक रकाना होता, तो संचालकांनी काढायला लावला. "आकडे आधीच खूप आहेत," ते म्हणाले. मग एक छोटासा समारंभ झाला, वह्या रद्दीत गेल्या आणि संचालकांचा वह्यांच्या ढिगाशेजारी उभा असलेला फोटो वार्षिक अहवालात आला. तो अहवाल कागदावर छापला होता.

वजनकाकांना कळवण्यात आलं, की तुमच्या वह्या काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. हे संचालक म्हणाले. ताई शेजारीच उभ्या होत्या आणि त्या काही म्हणाल्या नाहीत.

त्या सोमवारी संचालकांना फक्त एवढंच हवं होतं, की सगळ्यात जड पत्रे कोणते. पाहणी समिती येणार होती. समितीला दाखवायच्या रंगीत पानावर एक यादी हवी होती. ताईंनी कोष्टकाला वजनाप्रमाणे लावलं, यादी काढली, दिली. तीन आठवड्यांनी काही कामासाठी फाइल पुन्हा उघडली तेव्हा त्यांना पहिल्या ओळीत तारखेच्या जागी 'वरीलप्रमाणे' दिसलं. वर काहीच नव्हतं. वर रकान्याचं नाव होतं.

ताई खाली सरकत गेल्या. एक लाख नऊ हजार आठशे चोवीस ओळी पत्ते पिसावेत तशा पिसल्या गेल्या होत्या. तारीख फक्त अकराशे चव्वेचाळीस ओळींत होती, आणि त्या कोष्टकभर जत्रेत हरवल्यासारख्या एकेकट्या उभ्या होत्या. 'वरीलप्रमाणे'चा अर्थ आता शब्दशः लावायचा, तर एक मंगळवार पावणेदोन वर्षं चालला होता आणि सात वर्षं सलग ढगाळ होतं. 'गुडघा' एकीकडे होता आणि 'बोलतोय' चाळीस हजार ओळी पलीकडे.

बॅकअप होता. तो रोज संध्याकाळी आपोआप घेतला जायचा, जुन्यावर नवा. सकाळची चूक त्याच संध्याकाळी इमानेइतबारे बॅकअपमध्ये उतरली होती, आणि तेव्हापासून रोज न चुकता उतरत होती.

ताई तळमजल्यावर गेल्या. तिथे जिन्याखालच्या खोलीत प्रयोगशाळेचा संगणकवाला बसायचा. पन्नाशीचा, डोक्याने विरळ आणि बोलण्याने त्याहून विरळ. कोणी काहीही तक्रार घेऊन आलं की तो एकच उपाय सांगायचा, म्हणून त्याचं नाव रीस्टार्ट पडलं होतं. पगारपत्रकावर त्याचं दुसरं नाव असावं.

ताईंनी सगळं सांगितलं. रीस्टार्टने ऐकून घेतलं.

"रीस्टार्ट करून..." तो म्हणाला, आणि थांबला. ताईंनी त्याला असं बोलताना पहिल्यांदाच अर्ध्यावर थांबलेलं पाहिलं.

"नाही होणार," तो म्हणाला. "वह्या?"

"रद्दीत."

"संचालकांना माहीत आहे?"

"वह्यांचं आहे. फोटो आहे त्यांचा. याचं नाही."

"समिती कधी येतेय?"

"पाच आठवड्यांनी. ती येतेय तीच मुळी या नोंदींसाठी. बावीस वर्षांची सलग नोंद दुसरीकडे कुठेच नाही म्हणे. ती नसेल तर शेजारच्या रंग-प्रयोगशाळेत आपण विलीन."

"विलीन झालो तर बरं होईल. त्यांच्याकडे एसी आहे."

"माझ्या सासऱ्यांची बावीस वर्षं आहेत ती," ताई म्हणाल्या.

रीस्टार्टने खुर्ची पुढे ओढली.

घरी रोज संध्याकाळी वजनकाका चपला काढणाऱ्या सुनेला एकच प्रश्न विचारत: "काय म्हणतायत माझे पत्रे?"

"गंजतायत, बाबा."

"छान," वजनकाका म्हणत, आणि समाधानाने पेपर उघडत. त्या आठवड्यात ताईंनी तीनदा हेच उत्तर दिलं. चौथ्या दिवशी त्या चपला काढून थेट आत गेल्या.

रीस्टार्टने एक गोष्ट तीन दिवसांत शोधून काढली. दमट दिवशी वजनकाटा सगळ्याच पत्र्यांना दोन मिलिग्रॅम जास्त दाखवायचा, कोरड्या दिवशी कमी. म्हणजे काट्याचा रोजचा एक मूड होता, आणि तो त्या दिवशीच्या शहाण्णवही पत्र्यांवर सारखाच उमटायचा. एका मूडच्या ओळी एकत्र केल्या, की त्या एका मंगळवारच्या. हे सांगताना रीस्टार्ट लागोपाठ चार वाक्यं बोलला. नंतर तो पाणी प्यायला.

"पण नुसत्या मूडवर काम भागणार नाही," तो म्हणाला. "एकसारखे मूड शेकड्यांनी आहेत. त्या एका मंगळवारात पत्र्यांचा क्रम काय होता ते कळलं, तर शेऱ्यातली वाक्यं जुळतील. वाक्य जुळलं, की समजायचं दिवस बरोबर लागला. नाही जुळलं, तर पत्रा दुसऱ्या दिवसाचा."

"क्रम म्हणजे नंबराप्रमाणेच असेल ना?"

"नंबराप्रमाणे लावून बघितलं. 'आज पाऊस गुडघा संचालक' असं वाक्य येतंय."

गच्चीवरचे पत्रे नंबराप्रमाणे टांगलेलेच नव्हते. जसे आले तसे टांगले होते. ते कुठल्या क्रमाने उतरवले जायचे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस ताईंच्या घरी पेपर वाचत होता.

शनिवारी सकाळी ताई त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसल्या.

"बाबा, एक सांगायचंय."

"गंजायचे थांबले?"

"नाही. मी तुमची नोंद पिसली. चुकून." मग ताईंनी सगळं सांगितलं, टिचकीपासून. आणि सांगायला बसलेच आहे तर होऊन जाऊ दे, म्हणून काचेच्या कपाटाचंही सांगितलं.

वजनकाकांनी पेपराची घडी घातली. त्या घडीची पुन्हा घडी घातली. पेपर रुमालाएवढा झाल्यावर म्हणाले, "पिसलीस ते जाऊ दे. चूक माणसाकडूनच होते. रद्दीत घालायला मात्र समारंभ केलात."

"हो."

"मला बोलावलं नाहीत."

"नाही."

"कपाट आहे का तरी?"

"कपाट आहे. त्यात संचालकांचे चषक आहेत. बॅडमिंटनचे."

वजनकाका उठून आत गेले. शनिवार आणि रविवार ते कोणाशी बोलले नाहीत. ताईंच्या नवऱ्याने वडिलांच्या आणि बायकोच्या मध्ये पडून बघितलं, आणि दोन्हीकडून एकेक ऐकून तो भाजी आणायला गेला तो दोन तास आला नाही. सोमवारी वजनकाका तिन्ही वेळा जेवणाच्या टेबलावर पेपर उभा धरून बसले. मंगळवारी सकाळी साडेसहाला ताई पाणी भरत होत्या, तेव्हा ते दारात उभे दिसले. अंगात प्रयोगशाळेचा जुना राखाडी कोट. तीन वर्षांत पोट थोडं पुढे आलं होतं, त्यामुळे मधलं बटण सोडून दिलेलं.

"मंगळवार आहे," ते म्हणाले. "उशीर करू नकोस."

गच्चीच्या दारात वजनकाका क्षणभर थांबले. शहाण्णव पत्रे वाऱ्यावर हलके हलके वाजत होते. यंत्र मधोमध बसलेलं होतं आणि त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी यंत्राकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"पहिला सतरा नंबर," ते म्हणाले. "दाराजवळचा. मग हा, मग हा." ते चालू लागले. ताई मागून नंबर मोठ्याने वाचत होत्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर रीस्टार्ट मांडीवर संगणक घेऊन टाइप करत होता. एक मांडणी डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. "रिकामं परत चालत यायचं कशाला?" वजनकाका म्हणाले. तिसऱ्या मांडणीपाशी मात्र ते सरळ न जाता एकदम वळले आणि पाण्याच्या टाकीला मोठा वळसा घालून पाचव्या मांडणीवर गेले.

"बाबा, चौथी राहिली."

"ती शेवटी."

"का?"

"शेवटी म्हणजे शेवटी. लिही."

त्या दुपारी रीस्टार्टने हा रस्ता संगणकाला शिकवला. संध्याकाळपर्यंत पहिली आठ वर्षं जुळत आली. वाक्यं सरळ होत होती. 'काट्याचा / पाय / डुगडुगतो / कागद / घातला'. ताई एकेक वाचत होत्या आणि रीस्टार्ट नुसता मान हलवत होता, म्हणजे त्याच्या मानाने नाचत होता. नवव्या वर्षाच्या मध्यावर सगळं फिसकटलं. 'आज कबुतर रजा चष्मा दमट'. पुढची साडेतेरा वर्षं तशीच.

बुधवारी ताईंनी वजनकाकांना पुन्हा नेलं. वजनकाका म्हणाले, रस्ता हाच. गुरुवारी पुन्हा नेलं. पुन्हा हाच. रीस्टार्टने पायरीवरून विचारलं, "काका, नवव्या वर्षी तब्येत वगैरे काही?"

"तब्येतीला काय धाड भरलीय?"

"मग मधे कबुतराने घरटं वगैरे?"

"कबुतरासाठी मी रस्ता बदलेन?"

ताई पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या. इथे वजनकाका एकदम वळायचे. त्या वळल्या नाहीत, सरळ चौथ्या मांडणीकडे चालत गेल्या, आणि पाचव्या पावलावर त्यांना अंगणापलीकडच्या इमारतीतली एक खिडकी समोरासमोर दिसली. आत टेबल, खुर्ची, भिंतीवर नकाशा.

"बाबा, ती खोली कोणाची?"

"आता ग्रंथालयाची."

"पूर्वी?"

वजनकाकांनी कोटाचं न लागणारं बटण लावायचा प्रयत्न केला.

"बाबा."

"संचालकांची," ते म्हणाले. "सकाळी खिडकीशी उभा असायचा. दिसलो की बोलावणार. खुर्चीचं चाक निघालंय, पंखा आवाज करतोय, घड्याळ मागे पडतंय. अर्धा दिवस जायचा. मी वजन करायला होतो की सुतारकामाला? म्हणून टाकीआडून जायचो. बाराला तो जेवायला गेला की चौथी मांडणी."

"आणि नवव्या वर्षी?"

"नवव्या वर्षी," वजनकाका म्हणाले. मग त्यांनी हळूच मान वळवून दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे पाहिलं. संचालक तिथे उभे होते. तेही यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी हात केला. "ऊन लागतं म्हणून तो इकडे आला. मग मी इकडून जायचं बंद केलं. हे विसरलोच होतो."

"पण हे तिन्ही दिवस तुम्ही इकडूनच चाललात."

"आता मला कोण कामाला लावणार?" वजनकाका म्हणाले. "निवृत्त आहे मी."

खोली नक्की कधी बदलली, हे संचालकांनाच विचारावं लागलं. ताईंनी त्यांना सगळं सांगायचं ठरवून दारावर टकटक केली. संचालक ऐकत गेले तसे पांढरे पडत गेले. मग, चूक आपल्या हातून झालेली नाही आणि दुरुस्तीची तारीख मात्र आपल्याकडे आहे, हे लक्षात आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी खोली बदलल्याचा आदेश फाइलीतून काढून दिला. तो बारा ओळींचा होता आणि त्यात ऊन हा शब्द पाच वेळा होता.

"वजनकाका टाकीला वळसा का घालायचे म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"सावलीसाठी," ताई म्हणाल्या.

त्या तारखेनंतरच्या ओळींसाठी रीस्टार्टने रस्ता उलटा केला: चौथी मांडणी आधी, आठवी शेवटी. गुरुवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी संगणकाने काम सुरू केलं. जिन्याखालच्या खोलीत तीन खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून रीस्टार्ट उभा राहिला. पडद्यावर मंगळवारांमागून मंगळवार खाली सरकत होते, आणि एकेका मंगळवारात पत्रे आपापल्या जागी जाऊन बसत होते. ताईंनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट धरलं. अकरा वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

'आज / सूनबाई / पहिल्यांदा / गच्चीवर / आली'.

ताईंनी आपल्या सेवापुस्तकातली तारीख आठवली. तीच होती. त्यांनी पदराने डोळे टिपायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात पुढचे पत्रे खाली उतरले: 'विचारलं / रोज / एवढंच / करता / का'. त्याखाली: 'काही / बोललो / नाही'.

"बोलला नाहीत खरं," ताई म्हणाल्या.

"लिहिलं ना," वजनकाका म्हणाले.

चार वाजता मोजणी झाली. एक लाख नऊ हजार आठशे चोवीस ओळींपैकी एक लाख नऊ हजार सहाशे बारा ओळी जागेवर होत्या. उरलेल्या दोनशे बारांचं काही ठरत नव्हतं. वजनकाका शुक्रवारी डबा घेऊन आले, त्या दोनशे बारा ओळी एकेक करून बघितल्या आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकीची जागा सांगितली. संगणकाने त्या तिथे ठेवून पाहिल्या. सगळ्या बसल्या. रीस्टार्टने उठून वजनकाकांच्या पाया पडायचा विचार केला असावा; निदान तो उठला, वाकला आणि मग खाली पडलेली वायर उचलून परत बसला.

आता ओळी जुळवणारा एवढा मोठा प्रोग्रॅम तयार झाला म्हटल्यावर तो प्रयोगशाळेच्या मालकीचा असल्याची नोंद करणं आलं. ती नोंद भांडारपाल बाईंकडे व्हायची. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून नमुना क्रमांक सात काढला.

"वस्तूचं वजन?"

"वजन नाही," रीस्टार्ट म्हणाला.

"लांबी-रुंदी?"

"नाही."

"नंबर कुठे रंगवायचा?"

"नाही रंगवता येणार."

"मग वस्तू नाही," बाई म्हणाल्या. "ज्यावर नंबर रंगवता येत नाही ते प्रयोगशाळेचं नाही. नियम आहे."

"मग कोणाचं?"

"ते माझ्या खात्यात येत नाही. कोणाचंही असेल."

रीस्टार्टने हे शेवटचं वाक्य नीट ऐकलं, खाली गेला आणि तो प्रोग्रॅम आतल्या सगळ्या कोडसकट इंटरनेटवर ठेवून दिला. खाली लिहिलं: 'हे कोणाचंही आहे. घ्या, बदला, वापरा.' नाव काय द्यायचं असा प्रश्न आला, तेव्हा त्याने ताईंकडे बघितलं, ताईंनी वजनकाकांकडे बघितलं, आणि वजनकाका म्हणाले, "त्यात विचारायचं काय? जे एक लाख वेळा लिहिलंय तेच." अशा रीतीने 'वरीलप्रमाणे' हे साधन जगात आलं.

प्रोग्रॅम उघडला की तो आधी दोन प्रश्न विचारायचा. हे ताईंनी घालायला लावले होते. पहिला: 'नोंदी लिहिणारी व्यक्ती हयात आहे का? असल्यास आधी तिला चहा द्या.' दुसरा: 'ती व्यक्ती कोणाला टाळत होती?'

दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी एका दूरच्या हवामान केंद्रातून पत्र आलं. त्यांच्याकडे एकोणतीस वर्षांचा पाऊस असाच पिसला गेला होता. नोंद करणारे गृहस्थ मुख्याधिकाऱ्याच्या कुत्र्याला टाळायचे. मग एका इस्पितळातून आलं, मग एका दीपगृहातून. एका बियाण्यांच्या कोठारात आई आणि मुलगी मिळून चाळीस वर्षं नोंदी ठेवत होत्या आणि दोघी एकमेकींना टाळत होत्या. प्रत्येक भाषेत 'वरीलप्रमाणे'ला शब्द होता, आणि प्रत्येक देशात कोणीतरी कोष्टकाला क्रम लावून चहाला गेलं होतं. अनोळखी लोक प्रोग्रॅममध्ये सुधारणा करून पाठवू लागले. कोणी तो दुप्पट वेगाने पळवला, कोणी उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या भाषांसाठी उलटा केला. समिती यायच्या आठवड्यापर्यंत तो एकतीस देशांत चालत होता. एका नामांकित विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी दुसऱ्या प्रश्नावर सतरा पानांचा निबंध लिहिला. त्यात 'टाळणे' या संकल्पनेच्या तीन पातळ्या मांडल्या होत्या. वजनकाकांनी तो ताईंकडून समजावून घेतला आणि म्हणाले, "माझी दुसरी पातळी."

रीस्टार्टला जगभरातून प्रश्न यायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना तो जुनाच उपाय सांगायचा, आणि बऱ्याच जणांचं काम त्याने होऊन जायचं.

पाहणी समिती आली तेव्हा तिच्या अध्यक्षांनी रंग-प्रयोगशाळेचा विषयच काढला नाही. त्यांच्या स्वतःच्या संस्थेत 'वरीलप्रमाणे' वापरलं जात होतं, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. सभागृह भरलं होतं. संचालकांनी साधनाच्या जन्माची हकीगत सांगितली. तिच्यात निर्णायक क्षण खोली बदलण्याचा होता. मग अध्यक्षांनी वजनकाकांना पुढे बोलावलं, सगळे उभे राहिले, आणि टाळ्या इतका वेळ चालल्या की वजनकाकांना आधी संकोच, मग आनंद आणि शेवटी गुडघा, असं सगळं क्रमाने जाणवून झालं. प्रयोगशाळा राहणार असल्याचं तिथेच जाहीर झालं. बॅडमिंटनचे चषक काढून त्या काचेच्या कपाटात नव्याने छापून बांधलेली बावीस वर्षांची नोंद ठेवण्यात आली. कपाटाची किल्ली वजनकाकांकडे दिली. ताईंनी या वेळी कपाटात सगळं खरंच आहे ना, हे दोनदा पाहून घेतलं. अनुक्रमांकाचा रकाना त्यांनी स्वतः घातला होता.

चहाच्या वेळी समितीतल्या एका सदस्यांनी हातात बिस्किट धरून विचारलं, की साधन अप्रतिमच आहे, पण पत्र्यांच्या या बावीस वर्षांच्या नोंदीतून निष्कर्ष काय निघतो. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. संचालकांनी ताईंकडे पाहिलं. ताई कपाटापाशी गेल्या, वजनकाकांनी कुलूप उघडून दिलं, आणि त्यांनी पहिला खंड उघडला.

निष्कर्ष पहिल्या वर्षाच्या एकोणिसाव्या मंगळवारी, सतरा नंबरपासून पुढच्या चार पत्र्यांवर लिहिलेला होता: 'जस्त / लावलेले / कमी / गंजतात'. उरलेल्या अकराशे पंचवीस मंगळवारी, वरीलप्रमाणे.